दोष क्रमांक सात

७ नोव्हेंबर, गुरुवार

प्राचार्यांनी आज बोलावून माझ्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. आत शिपाईमामांचा टॉर्च. पिशवीवर स्टोअरकीपरने चिठ्ठी डकवलेली, "अपघातग्रस्त". जणू टॉर्चचंच मनगट मोडलंय.

मोडलं ते मामांचं. परवा मंगळवारी दुपारी वीज गेली, तेव्हा मेन स्विच बघायला ते तळघरात उतरत होते. त्यांचं म्हणणं, निम्म्या पायऱ्या उतरल्यावर टॉर्च अचानक विझला. उरलेल्या पायऱ्या ते कोसळतच खाली गेले. तळघरात भरदिवसाही डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही, हे आमच्या तंत्रशाळेत सगळ्यांना माहीत आहे.

"मॅडम, दोष शोधण्यात तुमचा हात कोण धरणार?" प्राचार्य म्हणाले. "टॉर्च पडल्यामुळे बिघडला की आधीच बिघडलेला होता, एवढं मला सांगा. बुधवारी बैठक आहे."

"आधीच बिघडलेला असला तर?"

"तर रजिस्टरात रोज सकाळी 'टॉर्च तपासला, चालू आहे' अशी सही मामांनी कशी केली, ते त्यांना सांगावं लागेल."

"आणि चांगला असला तर?"

"तर मग ते खोटं बोलताहेत. बघा ना, वय झालंय. आता असं माणूस ठेवणं आपल्याला झेपणार नाही."

मामांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. आत्ता काढलं तर इतक्या वर्षांच्या नोकरीवर पाणी. पण तो माझा विषय नाही. मला वस्तू बघायची आहे, माणूस नाही. तपासणीची टिपणं ठेवावीत म्हणून ही वही काढली, पण पहिल्याच पानावर टिपणांपेक्षा बडबड जास्त झाली. म्हणजे ही ऑफिसात देता येणार नाही. राहू दे घरीच.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

टॉर्च अजून उघडला नाही. आज फक्त बाहेरून पाहिला. पुढच्या बाजूला, काचेच्या कडेवर पोचा आहे. बटण दाबलं, लागत नाही.

मामांबद्दल थोडं लिहून ठेवते, चौकशीला उपयोगी पडेल. गेल्या गुरुवारी मी शिकवत असताना ते भर वर्गात आले. "बाई, ही बॅटरी कधी लागते, कधी लागत नाही हो." मी टॉर्च घेतला, मागचं झाकण गच्च फिरवलं, बटण दाबलं. थेट त्यांच्या तोंडावर लख्ख उजेड. "मामा," मी म्हटलं, "लोणच्याच्या बरणीचं झाकण लावता ना, तसं हेही लावायचं असतं." सगळा वर्ग हसला. मामाही हसले. "तुमचा हात लागला की चालते," असं म्हणून गेले. मग मी तोच धागा पकडून वीस मिनिटं शिकवलं, की दुरुस्तीला आलेल्या दहा वस्तूंपैकी चार बिघडलेल्या नसतातच, त्या वापरणाऱ्याला वापरता येत नसतात. तास रंगला.

परत सोमवारी, म्हणजे पडायच्या आदल्या दिवशी, ते दारात उभे होते. मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "घट्ट, मामा, घट्ट!" ते गेले.

सेलचा प्रश्न नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच ते माझ्या टेबलावर टॉर्च ठेवून गेले होते आणि मी माझ्याकडचे नवे सेल घालून दिले होते. खरं तर ते स्टोअरचं काम, पण मी करते असल्या गोष्टी.

माझा अंदाज: मामांचा हात सैल. झाकण अर्धवट फिरलेलं. दोष माणसात.

१० नोव्हेंबर, रविवार, दुपार

नवरा सकाळी म्हणाला, "रविवारी जेवणाच्या टेबलावर काय मांडलंयस? कुणाची आतडी?" त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, इवलेसे स्क्रू त्यांना नवे नाहीत, पण माझी हत्यारं दिसली की त्यांना चेव येतो. मी त्यांना वाटीतल्या वाटाण्यांसकट स्वयंपाकघरात पिटाळलं.

क्रमाने लिहिते.

मागचं झाकण काढलं. आत तीन सेलची प्लॅस्टिकची चौकट. मीटर लावला, तिन्ही सेल टणटणीत. पुढचं डोकं फिरवून काढलं. काच, तिच्यामागे चकचकीत वाटी, वाटीच्या बुडाशी दिव्याची चकती. पोचा फक्त बाहेरच्या कडेला, आत काही हललेलं नाही. चकतीच्या दोन तारांचे सोल्डरचे डाख पक्के. सेलमधून दोन वायरी सरळ दिव्याला भिडवल्या, तर टेबलावरची साखर चमकली. म्हणजे दिवा चांगला. मागच्या झाकणातलं बटण दाबलं, मीटर वाजला, सोडलं, थांबला. बटण चांगलं. स्प्रिंगला गंज नाही, ताण व्यवस्थित.

सगळं परत जोडलं. लागत नाही.

आता मला मजा वाटायला लागली होती, खोटं कशाला बोलू? सगळे भाग सुटे सुटे चांगले आणि एकत्र आले की नाराज, म्हणजे आमच्या कुटुंबासारखंच. झाकण जिवाच्या आकांताने आवळलं, तेव्हा एकदा लुकलुकला आणि विझला. मग मामा खरं बोलत होते तर! कधी लागतो, कधी नाही.

राहिलं काय? वीज दिव्यातून नळीच्या अंगाने मागे येते आणि नळीच्या कडेतून झाकणात शिरते. ती कड नागडी धातूची हवी. पाहिली. स्वच्छ, चकचकीत. मीटरची एक सुई कडेवर ठेवली, दुसरी नळीच्या आत. मीटर गप्प. चकचकीत धातू आणि मीटर गप्प.

कडेवर नख फिरवलं. नखाला पापुद्रा लागला, पारदर्शक, पातळ.

तो काय आहे हे मला बघायचीही गरज नव्हती.

१० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

बिनरंगाचं नेलपॉलिश. माझंच.

मी आयुष्यात कधी नखं रंगवली नाहीत. ती बाटली माझ्या प्रयोगशाळेच्या खणात असते. चोवीस वर्षं मी दोष शोधायला शिकवते आणि शिकवण्यासाठी दोष आधी घालावे लागतात. परीक्षेसाठी माझ्याकडे आठ टॉर्च आहेत, स्टोअरमधल्या टॉर्चसारखेच, एकाच खरेदीतले. प्रत्येकात एक दोष. एकाचा डाख उपटलेला, एकाची स्प्रिंग दबलेली, वगैरे. सातव्याच्या कडेवर नेलपॉलिशचा हात. दिसत नाही, वास येत नाही, आणि झाकण खूप आवळलं की कुठेतरी टोचून टॉर्च लागतोही, म्हणजे शोधणारा हमखास फसतो. दोष क्रमांक सात. आजवर एकालाही सापडलेला नाही. याची मी शेखी मिरवते. पाहुण्या परीक्षकांना मी स्वतःहून दाखवते.

कुठला टॉर्च कुठला, हे मला कळावं म्हणून झाकणातल्या रबराखाली मी लाल ठिपके देते. रबर उचललं. सात ठिपके.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर आठ टॉर्च होते आणि मामांचा नववा. मी घाईत नवे सेल घातले आणि हाताला येईल तो त्यांना दिला. लावूनही पाहिला नाही. "वस्तू परत देताना ग्राहकासमोर तीनदा चालवून दाखवा", हे मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते.

आता पुढचं लिहिते. पापुद्रा ब्लेडने खरवडला. कड बारीक कागदाने घासली. नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन पुसली. त्याच कापसाने ठिपकेही पुसले. टॉर्च जोडला, बटण दाबलं. पहिल्याच दाबाला लागला, तीनदा लावून बघितला, तीनदा लागला. हे सगळं मी सवयीने केलं. बिघडलेली वस्तू हातात आली की ती दुरुस्त होईपर्यंत माझा हात थांबत नाही.

हे डोकावून म्हणाले, "झाला की! मग तोंड का असं?"

मी म्हटलं, पाठ दुखतेय.

११ नोव्हेंबर, सोमवार

प्रयोगशाळेत परीक्षेचं खोकं उघडलं. आठ टॉर्च. सातांना ठिपके, एकाला नाही. ठिपके नसलेला लावला, झकास लागला. हा मामांचा. दोन आठवडे खोक्यात पडून होता, चांगला.

अहवालाचे चार मसुदे केले. शेवटचा असा: "टॉर्चमध्ये किरकोळ संपर्कदोष आढळला. तो दूर करण्यात आला आहे. सध्या टॉर्च पूर्णपणे कार्यक्षम आहे." यात एकही शब्द खोटा नाही. 'आढळला', 'करण्यात आला'. कुणी केलं, कुणाला आढळलं, त्या वाक्यात कुणी राहतच नाही. दोष होता असं मी म्हणतेच आहे, म्हणजे मामांची बाजू राहिली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

वर्ग घेतला. काही विशेष नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बैठक झाली.

प्राचार्य, स्टोअरकीपर, मी. मामा आले ते दारातच उभे राहिले. गळ्यातल्या पट्टीत प्लॅस्टरचा हात, सदऱ्याची एक बाही रिकामी लोंबणारी. बसा म्हटलं तरी बसेनात. शेवटी खुर्चीच्या टोकावर टेकले.

मी अहवाल वाचला. तीन ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो? प्राचार्यांनी "किरकोळ" हा शब्द परत म्हटला. "किरकोळ म्हणजे झाकण सैल वगैरे?" मी म्हटलं, "संपर्क नीट होत नव्हता." त्यांनी मान डोलावली आणि पिशवीतून टॉर्च काढून बटण दाबलं. लागला. दाबलं, विझला. दाबलं, लागला. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत त्यांनी तो टेबलावर मामांसमोर ठेवला.

"मामा, हा तर चालतो."

मामा त्या उजेडाकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने त्यांनी स्वतःच एकदा दाबून बघितलं. एकदा, परत एकदा.

"चालते की हो," ते म्हणाले. "मग माझंच काहीतरी चुकलं असणार, साहेब. मी नीट आवळली नसेल. बाईंनी मला दोनदा सांगितलं होतं कसं आवळायचं ते. हल्ली माझ्या ध्यानातच राहत नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, माझ्यापायी तुमचा रविवार गेला. माफ करा."

मी मान हलवली. 'असू दे' म्हणताना हलवतात तशी.

मी तो दुरुस्त केला नसता तर तो आज त्या टेबलावर लागला नसता. हे मला तिथे बसल्यावर कळलं. रविवारी कळलं नव्हतं, असं मी लिहिणार होते. पण ठिपके कशाला पुसले मग?

मामांना नोटीस देणार. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा केला नाही तर कामावरून कमी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस वही उघडली नाही. लाज वाटते हे लिहायलाही लाज वाटते, कारण लिहिलं की जरा बरं वाटतं, आणि बरं वाटायचा मला काय अधिकार?

वर्गातलं ते हसू सारखं आठवतं. मामा खरं सांगायला आले होते. नेमकं, शास्त्रशुद्ध लक्षण सांगत होते, "कधी लागते, कधी लागत नाही". माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर सातव्या टॉर्चचं लक्षण इतकं अचूक सांगितलेलं नाही. आणि मी त्यांना बरणीचं झाकण दाखवलं. चाळीस जणांसमोर. मला तेव्हा फार हुशार वाटलं होतं.

संध्याकाळी चहा घेताना हे म्हणाले, "आठवडा झाला, तू कुणाची चूक काढली नाहीस. भाजीत मीठ नव्हतं तरी गप्प. डॉक्टरकडे जाऊ या का?" मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ चष्मा पुसत बसले, आपलाच.

"मग जाऊन सांग," शेवटी म्हणाले.

"सांगू कशावरून? पुरावाच राहिला नाही. मीच पुसला."

"अगं, आपली चूक कबूल करायला पुरावा लागतो होय?"

मला वाटलं ते मला समजावतील. म्हणतील, एवढं काय, घाईत होतं कधी कधी. ते तसं म्हणाले नाहीत. रात्रीची भांडी मात्र त्यांनीच घासली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

प्राचार्यांना सांगितलं. उभ्याउभ्याच, एका दमात, नाहीतर बसल्यावर पाणी मागितलं असतं आणि विषय बदलला असता.

त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "मॅडम, मामांची दया मलाही येते."

"दया नाही ही. मी बदलला टॉर्च. माझ्या हातून गेला."

"बरं. मग कुठे आहे ते नेलपॉलिश?"

"काढलं."

"आणि ते ठिपके?"

"पुसले."

"का?"

मी म्हटलं, "सवयीने." तो शब्द माझ्याच कानाला इतका पोकळ वाटला की मी परत म्हटलं, "नाही. घाबरले म्हणून."

"तुमच्यासारखी बाई घाबरते?" ते परत हसले. "तुम्ही तुमच्या वस्तू डोळ्यांत तेल घालून जपता. चोवीस वर्षांत तुमच्या खोक्यातला एक स्क्रू हरवलेला मी पाहिला नाही. आणि तुम्ही म्हणता अख्खा टॉर्च? मॅडम, तुमचं मन मोठं आहे, पण असं स्वतःवर ओढून घेऊ नका. लेखी दिलंत तर तुमच्या फाइलला लागेल."

चोवीस वर्षं मी माझ्या नावाला जपलं, आणि आता ते नाव माझंच ऐकत नाही.

लेखी देते म्हटलं. तिथेच बसून दोन पानं लिहिली: टॉर्चची अदलाबदल, नेलपॉलिश, ठिपके, मामांनी दोनदा केलेली तक्रार आणि मी दोनदा त्यांना परत पाठवलं ते. काहीही लपवलं नाही. दोष कधी लक्षात आला, तिथे "१४ नोव्हेंबर रोजी, पुन्हा विचार करता" असं लिहिलं. बैठकीनंतरची तारीख. तेवढ्याने मामांचं काही बिघडत नाही. दोष कुणाचा हा मुद्दा आहे, कधी कळला हा नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मामांची नोटीस मागे घेतली. मला ज्ञापन मिळालं: "यापुढे परीक्षेचे साहित्य स्वतंत्र कुलपात ठेवावे." एवढंच.

पण गंमत बघा, कुणाचाच विश्वास बसलेला नाही. स्टोअरकीपरने, जो मला चहा तर सोडाच, खडूसुद्धा मोजून देतो, त्याने आज स्वतः चहा आणून दिला. "मॅडम, मानलं तुम्हाला. कुणी कुणासाठी असं करत नाही आजकाल." दोन सहकारी शिक्षिकांनी माझा हात हातात घेतला. मी म्हणते, अहो, खरंच मीच केलं. त्या म्हणतात, हो हो, आणि डोळे मिचकावतात. जितकं नाही म्हणावं तितकी माझी किंमत वाढत चालली आहे. कुणी चारचौघांत तोंडात मारलं असतं तर मी निदान ताठ उभी तरी राहिले असते.

दुपारी मामांचा फोन आला. "बाई, साहेबांनी सांगितलं मला सगळं. माझ्यासाठी तुम्ही आपल्या अंगावर घेतलंत. मी काय बोलू?"

"मामा, अंगावर घेतलं नाही, ते माझ्याच अंगावर होतं. खरं आहे ते."

"बरं बरं," ते म्हणाले, लहान मुलाची समजूत काढावी तसे. "तुम्ही म्हणाल तसं. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

फोन ठेवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची नोकरी राहिली, पण अजूनही त्यांच्या लेखी चूक त्यांचीच आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

मामांच्या घरी जाऊन आले. सोबत तो टॉर्च नेला आणि नेलपॉलिशची बाटली.

दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर. दार मामींनी उघडलं. त्यांना मी आजवर एकदाच, शाळेच्या वार्षिक समारंभात पाहिलं होतं. "या, या बाई," म्हणत त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले. मामा खिडकीशी बसले होते, प्लॅस्टरवर रुमाल टाकून. उठायला लागले. मी नको नको म्हटलं तरी उठलेच.

"मामा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही," मी म्हटलं. "म्हणून दाखवायला आलेय."

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. टॉर्च लावून दाखवला, तीनदा. मग झाकण काढून कडेवर नेलपॉलिशचा एक हात फिरवला, आणि मग आम्ही तिघं ते वाळायची वाट बघत बसलो. ते वाळायला दहा मिनिटं लागतात. परीक्षेच्या आधी मी तेवढ्यात दुसरा दोष घालते. आज करायला दुसरं काही नव्हतं. मामींनी चहा ठेवला. मधेच येऊन त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "फुंकर घालू का?" मी म्हटलं, नको. त्या तरी घालतच राहिल्या, हळूहळू, दुधावरची साय बाजूला सारतात तशी.

वाळल्यावर झाकण मामांच्या डाव्या हातात दिलं. "लावा. आवळा. जेवढं आवळता येईल तेवढं."

त्यांनी टॉर्च दोन गुडघ्यांत धरला आणि झाकण फिरवलं. दात आवळून फिरवलं. बटण दाबलं. नाही. परत दाबलं. मला दिला. मी फिरवला, दाबला. नाही. त्यांनी परत घेतला.

"घट्ट आहे," ते म्हणाले.

"आहे."

"त्या दिवशीही मी घट्टच केली होती."

"हो, मामा. घट्टच केली होती."

मामा टॉर्च उलटासुलटा करून बघत राहिले. मग मामीच बोलल्या, स्वयंपाकघराच्या दारातून. "एकोणीस दिवस झाले बाई, हे म्हणताहेत माझं डोकं चालेनासं झालंय. गॅस बंद केला का, तीन-तीनदा उठून बघतात. कडी लावली तरी परत ओढून बघतात. किल्ल्या माझ्याकडे देऊन टाकल्या, म्हणतात तूच ठेव, मी हरवीन. मी त्यांना डॉक्टरला दाखवणार होते उद्या, डोक्याच्या."

मी चहाचा कप हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

"तुम्ही आलात, बरं केलंत," मामी म्हणाल्या. रुमालाने हात पुसत त्या टेबलापाशी आल्या. "पण बाई, हे तुम्हाला कळलं कधी?"

चौदा तारीख तोंडात तयार होती. लेखी आहे, सहीनिशी आहे, कुणी विचारलं तर कागद दाखवता येईल. मामींच्या आवाजात संशय नव्हता. त्या फक्त विचारत होत्या, माणूस विचारतं तसं.

"दहा तारखेला," मी म्हटलं. "रविवारी. टॉर्च उघडला त्याच दिवशी."

(उद्या लेखी कबुलीतही हीच तारीख घालून देणार आहे.)

मामींना त्यातलं काही वाटलं नाही. त्यांना बैठकीची तारीख कुठे माहीत? मामांना माहीत होती. त्यांनी टॉर्च हळूच वर्तमानपत्रावर ठेवला.

"बैठक बुधवारी होती."

"हो."

"म्हणजे मी तुमची माफी मागत होतो, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो, मामा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मामींकडे बघून म्हटलं, "ही बाही जरा खाली ओढ गं, वर सरकलीय." मामींनी ती प्लॅस्टरवरून खाली ओढली, बोटांपर्यंत, आणि तिथेच त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या. त्यानंतर दोघांपैकी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी वर्तमानपत्राची घडी केली, बाटलीचं टोपण लावलं, टॉर्च पिशवीत टाकला. "चुकलं माझं," म्हटलं. इतक्या वर्षांत हे शब्द मी मोठ्याने कुणाला म्हटले असतील तर मला आठवत नाही. खोलीत ते फार लहान वाटले.

दारापाशी जाऊन मी म्हटलं, "येते."

यावर 'या' म्हणतात. शत्रू आला असला तरी म्हणतात. मी थांबून राहिले, पण आतून कुणी म्हणालं नाही. चपलांचे पट्टे लावायला मला फार वेळ लागला.